जीपीएस म्हणतंय तीन मीटर

गोव्यात केरी तीन आहेत. एक पेडण्यात, तेरेखोलच्या तोंडाशी, बीच असलेली. दुसरी सत्तरीत, अंजुणे धरणाकडची. आणि तिसरी आमची, फोंडा तालुक्यातली, जिथे माझ्या मामांचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे आणि जिथे टुरिस्ट फक्त रस्ता चुकला तरच येतो. तर दोन वर्षांमागे चवथीला पुण्याहून एक मित्र बायकोमुलांना घेऊन गाडीने निघाला, मोबाईलमध्ये नुसतं "केरी, गोवा" टाकलं, आणि दुपारी त्याचा फोन, "अरे इथे तर समोर समुद्र दिसतोय, तू तर पोफळी म्हणाला होतास!"

म्हटलं थांब, गावाच्या नावाचा भरवसा नको, आकडेच सांगतो. माझ्याकडे बटणांचं जुनं हातातलं जीपीएस आहे, चुलतभाऊ जहाजावर असतो त्याने आणून दिलेलं, दोन पेन्सिल सेलवर चालतं. त्यावर बघून मी फोनवर वाचून दाखवलं, पंधरा, सत्तावीस पॉइंट सहा, आणि चौऱ्याहत्तर, शून्य एक पॉइंट चार. त्याने इमानदारीत टाईप केलं १५.२७६ आणि ७४.०१४. दीड-दोन तासांनी परत फोन. आता गडी साष्टीत, कुडतरीकडच्या शेतांमध्ये उभा, मुलं मागे भुकेने रडतायत आणि वहिनींचा आवाज मला फोनमधून स्पष्ट ऐकू येतोय, तो इथे लिहीत नाही.

चूक माझीच होती. माझं यंत्र दाखवत होतं अंश आणि मिनिटं, म्हणजे १५ अंश २७.६ मिनिटं. एका अंशात साठ मिनिटं, घड्याळासारखं. म्हणजे २७.६ भागिले ६० केलं की येतं ०.४६, म्हणून मोबाईलला हवं होतं १५.४६. त्याने ते १५.२७६ असं चिकटवलं आणि थेट वीसेक किलोमीटर दक्षिणेला गेला. त्यातल्या त्यात नशीब की आमची केरी आत आहे. हीच चूक पणजीच्या आकड्यांवर करून बघा, १५ अंश २९.९ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४९.८ मिनिटं पूर्व, ते १५.२९९ आणि ७३.४९८ असं टाका, पिन पडते अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत.

हा मिनिटांचा प्रकार का ठेवलाय असं मला वाटायचं. तर तो जहाजवाल्यांसाठी फार सोयीचा आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. चार्टवर कडेच्या पट्टीवरूनच अंतर मोजता येतं. भाऊ तारवटी, त्याने त्याच्या सवयीने सेटिंग करून दिलं आणि मी कधी बदललंच नाही. सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट म्हणून असतं, तिथे तीन पर्याय, नुसते अंश, अंश-मिनिटं, आणि अंश-मिनिटं-सेकंद. कुणाला आकडे सांगायच्या आधी कुठला चालू आहे तेवढं बघा. आणि जमलं तर आकडे बोलून सांगूच नका, मेसेज करा.

असो. हा किस्सा चवथीला मामांच्या घरी सगळ्यांसमोर सांगून झाला, सगळे हसले, आणि मामा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझें तें यंत्र आमची शीम दाखयत?"

तर मामांच्या कुळागराची शीम म्हणजे हद्द, आणि त्या हद्दीचा एक चिऱ्याचा दगड मागच्या कुठल्यातरी पावसाळ्यात गायब झाला होता. शेजारी म्हणतात दगड पाटाच्या अलीकडे होता, मामा म्हणतात फणसाकडे, पाटाच्या पलीकडे. मधे जेमतेम आठ-दहा मीटर जागा, त्यात पाच पोफळी आणि एक जायफळाचं झाड, पण जायफळाचं झाड आहे म्हटल्यावर आठ मीटर म्हणजे काय कमी जागा नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा) आणि सर्व्हेचा नकाशा मामांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित ठेवलेला. मी म्हटलं मे महिन्यात येतो, बघू.

मे महिन्यात गेलो. अंगणात उभं राहून यंत्र चालू केलं. मामा चष्मा लावून बाजूला. पहिला प्रश्न, "हाका रिचार्ज मारचें पडटा?" नाही हो मामा, रिचार्ज नाही, सिम नाही, काही नाही. हे यंत्र फक्त ऐकतं. आकाशातून सॅटेलाइट ओरडत असतात, मी क्रमांक अमुक, मी आत्ता इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत, एवढंच दिवसरात्र. यंत्र ते ऐकून आपण कुठे उभे आहोत ते काढतं. वर कुणाला काहीच पाठवत नाही. (वर मेसेज पाठवणारी सॅटेलाइट यंत्रं वेगळी असतात, ती परदेशातून परवानगीशिवाय आणली तर लोक एअरपोर्टवरच अडकतात, त्यामुळे कुणी गिफ्ट देत असेल तर आधी नीट विचारा.)

आता ते सॅटेलाइट पेज. सगळ्या हातातल्या यंत्रांमध्ये असतं आणि बहुतेक लोक ते पटकन पुढे ढकलतात कारण त्यांना नकाशा बघायचा असतो. मी पण तेच करायचो. त्या पानावर एक मोठं वर्तुळ, आत एक लहान वर्तुळ. हे वर्तुळ म्हणजे आपल्या डोक्यावरचं आकाश, उताणं झोपून बघितल्यासारखं. बाहेरची रेघ म्हणजे क्षितिज, आतलं वर्तुळ म्हणजे अर्ध्यावर, ४५ अंशांवर, आणि मधला बिंदू म्हणजे थेट डोक्यावर. त्यात आकडे दिसतात ते सॅटेलाइटचे नंबर, १ ते ३२ अमेरिकन जीपीएसचे. खाली प्रत्येक नंबराचा एक बार. बार पोकळ असला तर यंत्राला आवाज ऐकू येतोय पण अजून त्याची माहिती पूर्ण उतरवून झालेली नाही, भरीव झाला की तो सॅटेलाइट हिशेबात घेतला. उंच बार म्हणजे आवाज खणखणीत.

पोकळचा भरीव व्हायला वेळ का लागतो? कारण सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर आहे आणि माहिती पाठवतो सेकंदाला ५० बिट या गतीने. पन्नास! शंभर केबीचा एक गुड मॉर्निंगचा फोटो या गतीने यायला साडेचार तास लागतील. सॅटेलाइटची स्वतःची नेमकी कक्षा सांगणारा भाग दर ३० सेकंदांनी परत येतो, पण मधेच तुम्ही झाडाखाली गेलात, एक तुकडा चुकला, की पुढच्या फेरीची वाट बघा. आणि सगळ्या सॅटेलाइटचं मिळून जे वेळापत्रक असतं ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. म्हणून यंत्र महिनोन् महिने बंद असलं किंवा बंद करून दूर कुठेतरी नेलं तर सुरुवातीला ते गोंधळतं, चिडायचं नाही, अंगणात ठेवून चहा प्यायला जायचं.

मोबाईलला लगेच जमतं कारण तो हीच माहिती नेटवरून आणतो. मोलेच्या जंगलात किंवा म्हादईकडे रेंज नसली की लोक म्हणतात जीपीएस चालत नाही. चालतं हो. नकाशाचं चित्र लोड होत नाही ती वेगळी गोष्ट, पण निळा ठिपका येतो, थोडा उशिरा येतो. नकाशा घरून डाऊनलोड करून न्या म्हणजे झालं.

हं, तर अंगणात चहा होईपर्यंत नऊ बार भरीव, आणि वर अ‍ॅक्युरसी ३ मीटर. मामा एकदम खूष. तीन मीटर म्हणजे दगड सापडलाच!

मी पण खूष होतो, खोटं कशाला बोलू. दोघे कुळागरात उतरलो. ज्यांनी कुळागर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी, दोन डोंगरांच्या मधल्या घळीत असतं ते, वर माड आणि पोफळी, त्यांच्यावर मिरीचे वेल, मधे फणस, जायफळ, खाली केळी, मेच्या उन्हातसुद्धा आत गारवा. माणसाला स्वर्ग, जीपीएसला नाही. मी त्या फणसाखाली उभा राहून पान उघडलं तर नऊचे पाच झालेले, त्यातले दोन मरतुकडे, अ‍ॅक्युरसी १४. आणि मी जागच्या जागी उभा असताना स्क्रीनवरचा माणूस चालायला लागला. आधी पाटात गेला, मग पाट ओलांडून शेजाऱ्यांकडे, मग परत.

मामा म्हणाले, "यंत्र बी त्याच्या बाजूने झालां."

इथे थोडं सांगतो की नक्की काय होतंय. यंत्र मोजतं ते वेळ. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी, त्यावरून अंतर. प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं की तीनशे मीटरची चूक. सॅटेलाइटमध्ये अणुघड्याळ आहे, माझ्या यंत्रात आहे ते काही शे रुपयांच्या घड्याळात असतं तसलं. म्हणून तीन सॅटेलाइट पुरत नाहीत, चौथा लागतो, तो चौथा यंत्राच्या घड्याळाची चूक काढून देतो. तीनच मिळाले तर यंत्र उंची गृहीत धरून कसंबसं भागवतं, स्क्रीनवर टू-डी असं येतं, ते दिसलं की त्या जागेवर विसंबू नका. आता झाडाखाली काय होतं, तर पानांतलं पाणी सिग्नल खातं, आणि जे काही आत येतं त्यातलं थोडं डोंगराच्या कड्यावर आपटून, फिरून येतं. फिरून आलं म्हणजे वाट लांबली, वाट लांबली म्हणजे यंत्राला वाटतं सॅटेलाइट लांब आहे, आणि ते तुम्हाला पाटात ढकलतं. पणजीत फोंताइन्याशच्या गल्लीत हेच होतं, तिथे झाडांऐवजी भिंती. पावसाळ्यात पानं ओली, तेव्हा आणखी वाईट.

आणि तो अ‍ॅक्युरसीचा आकडा. मला कित्येक वर्षं वाटायचं की ३ मीटर म्हणजे तीन मीटरच्या आत मी आहेच, गॅरंटी. तसं नसतं. तो यंत्राने स्वतःच्या कामाचा स्वतःच केलेला अंदाज असतो, परीक्षेहून आलेला मुलगा सांगतो ना, पंच्याऐंशी पडतील, तसा. सॅटेलाइट आकाशात कसे पसरलेत आणि बार किती चांगले आहेत त्यावरून काढलेला. सिग्नल कड्यावर आपटून आलाय हे त्याला बऱ्याचदा कळतच नाही.

पसरलेत कसे, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडला आणि तो मला त्या फणसाखाली बसूनच कळला. पानावरचं वर्तुळ निरखून बघत होतो, तर लक्षात आलं की वर, म्हणजे उत्तरेकडे, कडेला कोणीच नाही. घरी येऊन चार-पाच दिवस बघितलं, वेगवेगळ्या वेळी, उत्तरेचा तो कोपरा कायम रिकामा. मग हिशेब लावला. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंश कललेल्या, त्यामुळे सॅटेलाइट ५५ अंश अक्षांशाच्या वर कधी जातच नाहीत, ना उत्तरेला ना दक्षिणेला. आपण गोव्यात साडेपंधरा अंशांवर. इथून बरोबर उत्तरेला बघितलं तर क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांपर्यंत जीपीएसचं आकाश ओस असतं, दक्षिणेला मात्र जवळपास क्षितिजापर्यंत भरलेलं. म्हणजे गोव्यात तुमच्या उत्तरेला डोंगर असला तर फारसं बिघडत नाही, तसंही तिकडे कोणी नव्हतंच. दक्षिणेला डोंगर असला की नुकसान. मामांचा डोंगर कुठे? दक्षिणेला. अर्थात.

दुसरं एक. जीपीएसचे सॅटेलाइट दिवसातून दोन फेऱ्या मारतात आणि आकाशातली तीच मांडणी परत येते २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे रोज चार मिनिटं लवकर. भरती रोज पाऊण तास उशिरा, सॅटेलाइट रोज चार मिनिटं लवकर, मामांना हे फार पटलं. त्यामुळे आज अकरा वाजता एखाद्या जागी वाईट मिळालं तर उद्या अकराला परत जाऊन काही उपयोग नाही, मांडणी तीच असणार. संध्याकाळी जा.

आम्ही संध्याकाळी गेलो. सात मिळाले. यंत्रात अ‍ॅव्हरेजिंग असतं, एका जागी ठेवायचं आणि ते सतत मोजून सरासरी काढतं, तर ते दहा मिनिटं लावून ठेवलं, डासांनी मला फोडून काढला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत तिथेच दहा मिनिटं. दोन सरासऱ्यांमध्ये फरक सहा मीटर. दोन्ही वेळी यंत्र छातीठोक सांगत होतं, ४ मीटर.

अचूकपणाची हौस असेल तर आपला गगन आहे, इस्रो आणि एअरपोर्ट अथॉरिटीचा, मुळात विमानांसाठी. जमिनीवरची केंद्रं जीपीएसची चूक मोजतात आणि ती दुरुस्ती भूस्थिर सॅटेलाइटवरून खाली पाठवतात. त्यांचे नंबर १२७, १२८ असे, काही यंत्रांवर ते ४० आणि ४१ म्हणून दिसतात, आणि ते वर्तुळात हलत नाहीत, तासाभराने बघा, तिथेच. दुरुस्ती लागू झाली की बारवर डी हे अक्षर येतं. उघड्यावर छान फरक पडतो. पण पोफळीच्या सावलीत नाही, कारण गगन आकाशातली चूक सुधारतो, तुमच्या डोंगरावर आपटून आलेल्या सिग्नलची त्याला काय कल्पना. नवीन मोबाईलमध्ये रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपल्या नाविकचे पण सॅटेलाइट मिळतात, त्यामुळे कुळागरात माझ्या यंत्रापेक्षा भाचीचा मोबाईल सरस ठरला हे कबूल करायला हवं. नाविकचा नवा एनव्हीएस-०१ सॅटेलाइट २९ मे २०२३ला गेला, तो मोबाईल आणि यंत्रांना सोयीच्या एल-वन फ्रिक्वेन्सीवर पण बोलतो.

उंचीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. उंची नेहमीच आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, कारण सगळे सॅटेलाइट वरच, पायाखालून कोणी मोजत नाही. पणजीत अटल सेतू झाला २०१९ला, तो जुन्या दोन मांडवी पुलांच्या मधून आणि वरून जातो, तर गाडीतलं नेव्हिगेशन कधीकधी वर असताना तुम्हाला खालच्या पुलावर समजतं आणि भलतीकडे वळायला सांगतं. त्याहून मोठी गंमत मोबाईलवर. मिरामारला वाळूत बसून एखाद्या साध्या जीपीएस अ‍ॅपमध्ये उंची बघा, उणे सत्तरच्याही खाली दाखवेल. तुम्ही बुडालेले नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती अंड्यापासून, आणि खरी समुद्रसपाटी त्या अंड्यावर बसत नाही, गुरुत्वाकर्षणामुळे वरखाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती शंभर मीटरहून खाली, जगातला सगळ्यात मोठा खड्डा, आणि आपण त्याच्या उतारावर. चांगलं यंत्र आतल्या तक्त्यावरून हा फरक काढून टाकतं, काही अ‍ॅप कच्चा आकडा तसाच तोंडावर फेकतात.

आणि दिशा! रायबंदर-चोडण फेरीबोटीत बघा, बोट थांबली की बाण गरगर फिरतो. कारण साध्या यंत्राला दिशा माहीत नसते, आधी कुठे होतो आणि आता कुठे आहे यावरून ते ठरवतं. उभ्या माणसाला दिशा नसते त्याच्या लेखी.

परत शीमेकडे. मामांच्या घरी एक जुनी टोपोशीट होती, आजोबांच्या वेळची, त्यावर मी यंत्रातले आकडे मांडून बघायची हौस केली तर घरच शे-दीडशे मीटर भलतीकडे पडलं. तो यंत्राचा दोष नव्हता. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाच्या मापावर बेतलेले आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४वर, मुळातली पृथ्वीची आकृतीच वेगळी धरलेली. सेटिंगमध्ये मॅप डेटम असतो, म्हणजे कुठलं माप धरायचं ते, तो बदलला की जुळतं. पण मग परत डब्ल्यूजीएस-८४वर आणायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि पुढचे तीन वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेल्या जागा, चुकीचे घेतले. (माझ्या यंत्राचा आणखी एक वेडेपणा म्हणजे एप्रिल २०१९पासून ते तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवतं. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की परत शून्यावर येतं, जुन्या यंत्रांना हे झेपलं नाही. जागा बरोबर सांगतं, म्हणून ठेवलंय.)

शेवटी मामांना सरळ सांगितलं, या यंत्राने आठ मीटरचं भांडण मिटणार नाही, याचीच चूक सहा मीटर आहे. हे यंत्र तुम्हाला केरीत आणेल, कुळागरात आणेल, फणसाच्या आसपास आणेल, शीम ठरवायची तर सर्व्हेअरच पाहिजे, त्यांची यंत्रं वेगळी, ती सेंटिमीटरमध्ये बोलतात. आणि शेजाऱ्यांशी बोलताना मोबाईल नाचवू नका, त्यांचा मुलगा पण मोबाईल काढेल आणि त्यात शीम तिसरीकडेच असेल.

मामांनी ऐकून घेतलं. मग नकाशा पिशवीतून काढला, वरच्या बाजूचा एक दगड शाबूत होता, तिथून नकाशावरचं अंतर स्केलने मोजलं, तीस मीटरची टेप आणली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि शेजाऱ्यांना पण हाक मारली. ते आले, बनियनवरच. तिघांनी मिळून टेप ताणली, दोनदा, मधे केळी येत होत्या त्या बाजूला धरून. टेप जिथे संपली तिथे मामांनी पिकासाने पाचोळा ओढला, माती खरवडली, वीतभर खाली चिरा लागला. दगड गेलाच नव्हता, गाळाखाली गाडला गेला होता. पाटाच्या पलीकडे, पण फणसापासून तसा लांबच, म्हणजे दोघेही थोडे थोडे बरोबर. जायफळाचं झाड बरोब्बर शीमेवर निघालं.

मी यंत्र त्या दगडावर ठेवलं. माझी सकाळची सरासरी तिथून सात मीटरवर, पाटाच्या मधोमध होती. शेजारी वाकून स्क्रीन बघत म्हणाले, हे काय, किती दाखवतंय? मी बघितलं, पाच बार, अ‍ॅक्युरसी ९. मामा चिऱ्यावरची माती हाताने पुसत होते, त्यांनी वर न बघताच विचारलं, जायफळं या वर्षी कोणी काढायची ते त्यात येतं का बघ.